ट्रायल मोटरसायकल: पाय न टेकता दगडांतून जायचा छंद, आणि त्या गाडीची देखभाल

स्वेलडेलकर (धागाकर्ता)

हीरोच्या एक्सपल्स गाडीच्या धाग्यावर ट्रायलचा विषय निघाला आणि तिथे अवांतर वाढायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायर डेल्सच्या जवळ राहतो. मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) आधीपासून इकडे हा प्रकार चालत आलाय, पण त्याचा गाजावाजा फारसा होत नाही.

यात शर्यत नसते. ओढ्यातले शेवाळलेले दगड, झाडांची उघडी पडलेली मुळं, चिखलाची चढण अशा जागी दोन्ही बाजूंनी पट्ट्या बांधून एक छोटा तुकडा आखतात. त्याला सेक्शन म्हणतात. गाडीवर उभं राहून, पाय न टेकता त्यातून बाहेर पडायचं. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली, पट्टीबाहेर गेली किंवा सेक्शन अर्धवट सुटला तर पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. आमच्या क्लबात नॉन-स्टॉप नियम आहे, म्हणजे चाक पुढे सरकायचं थांबलं की पाच. काही स्पर्धांत थांबून तोल सावरायला परवानगी असते, तिथे खेळाची तऱ्हाच बदलते.

क्लबच्या रविवारच्या ट्रायलमध्ये साधारण दहा सेक्शन आणि चार फेऱ्या असतात. प्रत्येक सेक्शनवर एक ऑब्झर्व्हर गुण लिहायला उभा. ही सगळी हौशी मंडळी, एक पैसा न घेता पावसात दिवसभर उभी राहतात. एकाच सेक्शनमध्ये वेगवेगळ्या रंगांचे बाण लावून सोपा आणि अवघड असे दोन-तीन मार्ग काढलेले असतात, त्यामुळे शाळेतली मुलं आणि सत्तरीचे आजोबा एकाच ओढ्यात एकाच दिवशी खेळतात.

गाडीला सीट नसते म्हटलं तरी चालेल. वजन ७० किलोच्या आसपास, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल, आणि पहिला गिअर इतका लहान की शेजारून माणूस आरामात चालत येईल. इंजिनं १२५ ते ३०० सीसी, बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. गॅसगॅस, बीटा, शेर्को, टीआरएस, व्हर्टिगो, स्कॉर्पा ही नावं दिसतात. माँटेसाची कोटा ४आरटी ही होंडाचं इंजिन असलेली फोर-स्ट्रोक.

मला हा छंद का आवडतो, तर इथे जोर, पैसा आणि मोठं इंजिन यांचा उपयोग फार लवकर संपतो. त्यापुढे क्लचवरचं एक बोट आणि गाडीची तब्येत एवढंच कामाला येतं. क्लच सोडताना जी गाडी हिसका देते, तिच्यावर कितीही चांगला माणूस बसवा, ओल्या दगडावर तिचं मागचं चाक घसरणारच. म्हणून देखभाल हा या छंदाचा निम्मा भाग आहे असं मी मानतो, आणि धागा मुख्यतः त्यावर चालावा अशी इच्छा आहे.

किकमार

उत्तम धागा. मी पुण्यात आरएक्स १०० आणि एक्सपल्स दोन्ही चालवतो. टोनी बोऊचे व्हिडिओ बघितलेत, माणूस गाडी घेऊन दोन पुरुष उंचीच्या दगडावर चढतो. ते आणि तुम्ही सांगताय ते एकच का? आणि 'मोटोक्रॉसच्या आधीपासून' हे जरा विस्ताराने सांगा.

स्वेलडेलकर

खेळ एकच, पायरी वेगळी. बोऊने २००७ ते २०२४ दरवर्षी इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही जागतिक विजेतेपदं घेतली. त्याच्या आधी डगी लॅम्पकिनने १९९७ ते २००३ सलग सात आउटडोअर विजेतेपदं घेतली होती. त्याहीआधीचा जोर्डी तारेस सायकल ट्रायलमधून आलेला. उड्या मारत गाडी जागच्या जागी फिरवायचं तंत्र मोटरसायकलवर रुजलं त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

इतिहासाबद्दल. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल १९०९ पासूनची. तेव्हा प्रश्न एवढाच होता की या नव्या यंत्रावर डोंगरातल्या वाटा चढून जाता येतं का. आजही मे महिन्यात फोर्ट विल्यमला सहा दिवस चालते. रोज तीसेक सेक्शन, आणि मधलं अंतर दलदल आणि डोंगर ओलांडून त्याच बिनसीटच्या गाडीवर उभ्याने कापायचं. आमच्या भागातली स्कॉट ट्रायल १९१४ ची. स्कॉट कंपनीच्या आल्फ्रेड स्कॉटने आपल्या कामगारांसाठी सुरू केलेली. तिच्यात सेक्शनचे गुण असतातच, शिवाय सर्वांत वेगवान माणसापेक्षा जितकी मिनिटं उशीर तितके गुण अंगावर. म्हणजे सावकाश गेलात तर वेळेत मार, घाई केलीत तर दगडात मार. मला विचाराल तर जगातली सर्वांत अवघड एकदिवसीय ट्रायल हीच.

गाडी हलकी होण्याची गोष्ट सॅमी मिलर या ट्रायलच्या खेळाडूपाशी सुरू होते. तो ५०० सीसीची एरियल फोर-स्ट्रोक चालवायचा, घासून-कापून तिचं वजन ११० किलोच्या आसपास आणलं होतं. १९६४ च्या अखेरीस तो बार्सिलोनाच्या बुल्टाकोकडे गेला, तिथे शेर्पा ही २५० ची टू-स्ट्रोक उभी केली आणि १९६५ ची स्कॉटिश तिच्यावर जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्रिटिश फोर-स्ट्रोक या खेळातून मागे पडल्या आणि स्पेनचं युग आलं. पुढे यामाहाने मिक अँड्र्यूज या खेळाडूला घेऊन टीवाय मालिका काढली. जुन्या टीवाय १७५ आजही इथे क्लबात चालतात, आणि नवशिक्याला मी तीच सुचवतो.

जुना_मिस्त्री

सांगलीत आयुष्यभर टू-स्ट्रोक उघडल्यात, राजदूत, येझदी, आरएक्स, शोगन. आता गॅरेज पोराकडे. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता? दोन, एवढ्या हळू चालवून इंजिन तापत नाही? आमच्याकडे घाटात हाफ क्लचवर चालवली की प्लेटा जळाल्याच म्हणून समजा.

स्वेलडेलकर

मिस्त्रीकाका, तुम्ही आलात ते बरं झालं.

ऑइल: आताच्या ट्रायल गाड्यांत चांगलं सिंथेटिक असेल तर ८०:१, म्हणजे ५ लिटरला साधारण ६२ मिली. हे प्रमाण आरएक्स किंवा येझदीला कुणी लावू नका. ट्रायलमध्ये इंजिन फार क्वचित उंच फिरतं, म्हणून एवढं कमी चालतं. जास्त टाकलं की प्लग काळा, सायलेन्सरच्या सांध्यातून तपकिरी थेंब, आणि ऐन चढणीवर मिसिंग. कमी वेगात चालवल्याने ऑइल आत साठतंच, म्हणून सेक्शनमध्ये शिरण्याआधी एकदा थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन मोकळं करून घ्यायचं. सायलेन्सरमधली लोकर ऑइलने भिजली की गाडी दबल्यासारखी होते. रिव्हेट काढून ती बदलायची, घरी होणारं काम आहे.

तापणं: रेडिएटर आणि पंखा असतो. पंखा सुरू होतोय का हे दर वेळी बघायचं. चिखलाने जाळी भरली किंवा पंख्याची वायर निघाली तर पाणी उकळून बाहेर येतं. जुन्या एअर-कूल्ड गाड्या मात्र थांबवून गार कराव्या लागतात.

क्लच: हा प्रश्न कळीचा. ट्रायलमध्ये क्लच सतत अर्धा दाबलेला असतो, पण वेग आणि भार कमी असल्याने प्लेटा जळत नाहीत. आमची अडचण उलटी आहे. क्लच पूर्ण दाबला तरी चाक ओढतच राहतं. टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनाच्या आतल्या भागांना जातच नाही, फक्त गिअर आणि क्लचला. त्यामुळे ते क्लचच्या स्वभावाला बघून निवडायचं आणि वारंवार बदलायचं. पाव-अर्धा लिटरचा प्रश्न असतो. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल छान मानवतं. कारचं इंजिन ऑइल मात्र नको, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरतो.

गाडी महिनाभर उभी असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात. गाडी बंद, दुसरा गिअर, क्लच दाबून पुढे-मागे ढकलायची, चटकन सुटतात. तरी ओढत असेल तर क्लच उघडून बघावा. काही नव्या प्लेटांवर घर्षणाच्या तुकड्यांच्या कडेला गोंद ओघळलेला असतो. ब्लेडने तो खरवडला की गाडीचा स्वभाव पालटतो. सपाट टेबलावर तास-दोन तासांचं काम, पण माझ्या मते एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

जुना_मिस्त्री

पटलं. येझदीच्या क्लचला आम्ही तेच करायचो, फक्त चिकटायच्या त्या गंजाने. आरएक्सवाल्यांसाठी: गाडीतला ऑइलचा पंप चालू असेल तर चालू राहू द्या. बंद केला असेल तर लिटरला २५ ते ३० मिली टाका, आणि पंपाचं तोंड नीट बुजवलंय का ते बघा. अर्धवट बुजवलेल्या पंपाने हवा ओढली की मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन पकडतो. सिलिंडर गेला की बोअर करून घ्यायला धड लेथवाला शोधावा लागतो, आणि असे आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरलेत.

गोदाकाठची

माझी उंची पाच फूट एक इंच. नाशिकमध्ये ऑफ-रोड ट्रेनिंगला गेले तर १५०-१६० किलोच्या गाड्या, सीटवर बसून पाय पोचत नाहीत, आणि पडली की उचलायला दोघं लागतात. ७० किलो वाचून पहिल्यांदा वाटलं की हे मला जमेल. मुली खेळतात का?

स्वेलडेलकर

ताई, भरपूर. महिलांची वेगळी जागतिक स्पर्धाही आहे. लाया सांझ या स्पेनच्या खेळाडूने ट्रायलची तेरा जागतिक विजेतेपदं घेतली, मग डाकार या वाळवंटातल्या रॅलीला गेली आणि २०१५ साली मोटरसायकल गटात एकूण नववी आली. आपल्या सी. एस. संतोषने डाकार पूर्ण केली ती त्याच वर्षी, तो पहिला भारतीय. दहा-बारा दिवस वाळवंटात गाडी हाकणाऱ्या बाईचा पाया ट्रायलच्या दगडांत घातला गेलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उंचीचा प्रश्न इथे येतच नाही. बसायचं नसतंच. उभं राहायचं, गुडघे मोकळे, वजन फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर), डोळे पुढच्या दगडावर. ताकद हातात लागत नाही. हातात ताकद लावणारा माणूस दुसऱ्या फेरीत दमतो.

किकमार

इथे ट्रायल बाइक शोरूममध्ये मिळत नाही. आयात करायची तर ड्यूटी भरून किंमत कुठल्या कुठे जाते, आणि पासिंग नसल्याने रस्त्यावर आणता येत नाही. मग एक्सपल्स किंवा आरएक्सवर काय करता येईल?

स्वेलडेलकर

तोल, क्लच आणि वळण. तिन्ही शिकता येतं.

मोकळं मैदान किंवा स्वतःचं शेत घ्या. पहिला गिअर, उभे राहा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरा. थ्रॉटल एकसारखा ठेवा, वेग फक्त क्लच आणि मागच्या ब्रेकने सांभाळा. गाडी आत झुकवा, शरीर बाहेर ठेवा. चार विटा ठेवून आठाचा आकडा काढा आणि तो आठवड्यागणिक लहान करत न्या. मग पुढचं चाक भिंतीला टेकवून, गाडी बंद ठेवून, दोन्ही पाय पेगवर घेऊन उभे राहा. कंटाळवाणं दिसतं, पण ट्रायलवाले चहाच्या वेळेत हेच करत असतात. त्यानंतर मनगटाएवढ्या जाडीचं लाकूड. चाक लागायच्या आत क्लच किंचित दाबून थ्रॉटलचा एक झटका, क्लच सोडला की पुढचं चाक हलकं होतं, आणि मागचं चाक लाकडावर यायच्या क्षणी थ्रॉटल बंद. हे अंगात मुरेपर्यंत मोठा दगड नको.

क्लचचा लिव्हर एका बोटाने दाबता येईल असा आत सरकवून घ्या, केबलला ऑइल सोडा. एक्सपल्सला चाकं २१ आणि १८ इंची, हे चांगलंच आहे. मागचा स्प्रॉकेट दोन-चार दात मोठा टाकला तर पहिला गिअर बराच माणसाळतो.

कोकणपट्टी

'वजन ७० किलोच्या आसपास' म्हणालात.
मग टायरमध्ये हवा किती ठेवता? ऐकलंय की जवळजवळ काढूनच टाकतात. मी एक्सपल्सला १० पीएसआयवर आणली तर ट्यूब फाटली.

स्वेलडेलकर

ट्रायल गाडीत मागे ४ पीएसआयच्या आसपास, पुढे ५-६. पण ती टायरं वेगळी. मागचा ४.००-१८ चा मऊ रेडियल, ट्यूबलेस, खास रिमवर बसवलेला. चालताना तो दगडावर पसरतो. मिशलिन, डनलॉप आणि आयआरसी अशी मोजकी नावं सगळे वापरतात. एक्सपल्समध्ये ट्यूब आहे आणि गाडी दुपटीहून जड. टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह ओढला जाऊन फाटतो, तुमचं तेच झालं असणार. १५-१८ च्या खाली जाऊ नका, जायचंच असेल तर रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) बसवा. आणि घरी जाताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा.

दुसरं म्हणजे पेट्रोल पंपावरच्या मीटरवर ४ पीएसआय वाचताच येत नाही. ०-१५ चा छोटा गेज लागतो. अर्ध्या पीएसआयचा फरक ओल्या मुळांवर लगेच जाणवतो.

मागचा ट्यूबलेस घरी बसवायची युक्ती: टायरच्या कडांना साबणाचं पाणी, बाहेरून घेरावर सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा आवळायचा. मधून दाबला की टायरच्या कडा बाहेर सरकून रिमला टेकतात. मग व्हॉल्व्हचा पिन काढून कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडायची. दोन ठण्ण आवाज येतात, दोन्ही बाजू बसल्या. पट्टा वेळेत सैल करायचा.

जुना_मिस्त्री

हे आम्ही ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला दोरी आणि पहारीने पीळ देऊन करायचो. तत्त्व तेच.

कोकणपट्टी

आभार. अजून एक. पावसाळ्यात वहाळ ओलांडताना एका मित्राची गाडी पाण्यात आडवी झाली. त्याने लगेच किक मारली आणि इंजिन गेलं. खरं काय करायचं?

स्वेलडेलकर

किक अजिबात मारायची नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी काठावर आणा, पेट्रोल बंद करा, प्लग काढा, गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सरमधलं पाणी ओता. ट्रायल गाडी एकटा माणूस उभी करू शकतो, एक्सपल्सला तिघं लागतील. मग प्लग काढलेलाच ठेवून हळूहळू किक, पाणी प्लगच्या भोकातून फवाऱ्यासारखं उडतं. फिल्टर पिळून वाळवा, कार्बोरेटरचं खालचं बोल्ट काढून पाणी सोडा. इंजेक्शनची गाडी असेल तर त्याऐवजी एअरबॉक्स आणि पाइप कोरडे करा. सुरू झाली तरी त्याच दिवशी ऑइल बदला. ऑइल दुधाळ झालं असेल तर दोनदा.

पाण्याचा हळू होणारा त्रास त्याहून मोठा आहे, कारण तो दिसत नाही. प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या आसापाशी, हँडलच्या गळ्याशी आणि मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजवर कधीही मारू नका. या हिवाळ्यानंतर मी लिंकेज उघडलं. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागला. आतल्या सुईसारख्या बेअरिंग रोलरांपैकी खालच्या बाजूचे वीटकरी भुकटीत रुतलेले, वरचे चकचकीत. पाणी खाली साठतं आणि तिथेच खातं. डिझेलमध्ये धुऊन, एकेक रोलर बोटाने फिरवून, पाण्यात न धुपणारं ग्रीस ठासून भरलं. वर्षातून दोनदा हे करणारा माणूस बेअरिंग विकत घेत नाही.

फिल्टरचं तसंच. फोम आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवून त्यावर फिल्टर ऑइल चोळायचं, जास्तीचं पिळून काढायचं. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात. पेट्रोलने धुतला तर फोमचे चिकटवलेले सांधे सुटतात.

किकमार

पेट्रोलचं काय? आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० आलंय.

स्वेलडेलकर

इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणून आम्ही ई५ असलेलं महाग पेट्रोल घेतो. इथेनॉल हवेतली ओल धरतं. कार्बोरेटरची गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. पायलट जेटचं, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं, भोक केसाएवढं असतं, आणि ट्रायलमध्ये सगळं चालवणं त्या जेटवरच असतं. तो अर्धा बुजला तरी गाडी कमी थ्रॉटलला झटके देते, मग लोक क्लचला दोष देत बसतात. टू-स्ट्रोकचं मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जुनं वापरू नका.

सडा_आणि_फुलं

मी गाडी चालवत नाही, वनस्पती बघते. धागा छान आहे, पण एक कळकळीची विनंती. कोकण आणि साताऱ्याकडचे जांभ्याचे सडे बारा महिने मोकळं मैदान वाटतात. ते मोकळे नाहीत. वर जेमतेम काही सेंटिमीटर माती, आणि तिच्यात पावसाळ्यात उगवणाऱ्या कीटकभक्षी, कंदवर्गीय वनस्पती, काही तर त्या परिसरापलीकडे सापडत नाहीत. टायरने एकदा चर पडला की पुढच्या पावसात माती त्या चरातून वाहून जाते आणि खाली नुसता कातळ उरतो. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण इतर कितीतरी सड्यांना कुणी राखणदार नाही. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. गडांच्या वाटांवरही गाड्या नकोत.

स्वेलडेलकर

ताई, शंभर टक्के सहमत. इथेही हाच नियम पाळल्यामुळे खेळ टिकलाय. क्लब शेतकऱ्याची परवानगी घेतो, सेक्शन त्याच्याच जमिनीतल्या ओढ्यात आखतो, संध्याकाळी प्रत्येक पट्टी आणि बाण काढून नेतो, गेट होतं तसं बंद करतो. एकाच जागी वर्षभर खेळत नाहीत. ट्रायलला शे-दोनशे मीटर जमीन दिवसभर पुरते, हा तर तिचा सर्वांत मोठा फायदा. दगडाची जुनी खाण, विहिरीच्या खोदाईचा ढीग, पडीक माळावरचे स्वतःच्या मालकीचे चार बांध, एवढ्यात क्लब उभा राहू शकतो. आवाजही कमी होतो, शेजाऱ्याची म्हैस बुजत नाही.

गोदाकाठची

आमच्या मामांच्या दिंडोरीजवळच्या शेतात विहिरीच्या दगडांचा मोठा ढीग पडलाय. मामांना विचारलं, द्राक्षाच्या ओळींपासून लांब राहाल तर हरकत नाही म्हणाले. सेकंडहँड आरएक्स बघतेय. घेताना काय बघू?

जुना_मिस्त्री

पोरी, गार इंजिनावर जा. आधी सुरू करून ठेवलेली गाडी घेऊ नको. किक हाताने दाबून कॉम्प्रेशन बघ, मध्येच पोकळ लागायला नको. प्लग काढून रंग बघ: चहासारखा तपकिरी बरा, पांढरा असेल तर लीन चाललीय. फ्लायव्हीलचं कव्हर काढायला सांग आणि मॅग्नेट वर-खाली हलवून बघ, खेळ असेल तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. चासी नंबर आणि आरसी बुक जुळवून घे, या गाडीत फसवाफसवी फार. मागच्या चाकाची तार एकेक वाजवून बघ, सैल तार भदभद वाजते.

स्वेलडेलकर

काकांच्या यादीत एकच भर. गाडी घेतल्यावर पहिल्या दिवशी मनगटाला बांधायचा किल-स्विच बसवा. दोरी निघाली की इंजिन बंद. इथे स्पर्धेत तो सक्तीचा आहे. दगडांत हळू पडताना माणूस बाजूला होतो आणि थ्रॉटल अडकलेली गाडी फिरत राहते, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोटं जाण्याचा धोका तिथेच असतो. स्प्रॉकेटला भरीव गार्डही लावा. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत जाणारे बूट, हातमोजे. आणि पहिले काही आठवडे एकटीने जाऊ नका, मामांना बांधावर बसवा. गुणही तेच लिहितील.

गोदाकाठची

मामांनी वही काढलीय. रविवारी गाडी बघायला देवळाली कॅम्पात जातेय, प्लगचा फोटो इथे टाकते.